आव्हिलाची तटबंदी व नगरद्वारे

आव्हिलाची तटबंदी व नगरद्वारे : स्पेनमधील आव्हिला या नगराभोवतीची मध्ययुगीन दगडी तटबंदी व तीतील नऊ वेशी. यूरोपातील सलग व सुस्थितीत राहिलेल्या मध्ययुगीन नगरतटांत तिची गणना होते. तटाचा परीघ सु. २,५१६ मी. असून त्याने सु. ३३ हेक्टर क्षेत्र वेढले आहे. सरासरी उंची १२ मी. व जाडी ३ मी. आहे. परिघावर ८७ बुरूज असून माथ्यावर सु. २,५०० चर्या आहेत. १८८४ मध्ये स्पेनच्या शासनाने या तटबंदीस राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. १९८५ मध्ये तटबंदीसह जुने नगर व तटाबाहेरील काही चर्च यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.

तटबंदीचे महत्त्व केवळ तिच्या आकारमानात नाही. नगराचा तट हा शत्रूला अडविण्यासाठी जसा बांधला जातो, तसाच तो नगरवासी व बाहेरचे, करपात्र माल व करमुक्त माल, अधिकार असलेली भूमी व नसलेली भूमी यांच्यात सीमा आखण्यासाठीही उपयोगी पडतो. लष्करी उपयुक्तता संपल्यावरही आव्हिलाचा तट याच कारणांनी दीर्घकाळ वापरात राहिला, आणि पुढे नगराची वाढ खुंटल्यामुळे तो पाडण्याची निकडही भासली नाही. तटबंदीचा इतिहास म्हणूनच नगराच्या उत्कर्षाचा व अपकर्षाचाही इतिहास ठरतो.

स्थान व भूरचना : आव्हिला हे कॅस्टील–लेऑन या स्वायत्त विभागातील आव्हिला प्रांताचे मुख्य ठिकाण माद्रिदच्या वायव्येस असून समुद्रसपाटीपासून सु. १,१३० मी. उंचीवर वसले आहे. स्पेनमधील प्रांतिक राजधान्यांत ते सर्वांत उंचावरील नगर होय. जुने नगर एका खडकाळ उंचवट्यावर असून हा उंचवटा पूर्वेकडून पश्चिमेकडे आदाहा नदीच्या पात्रापर्यंत उतरत जातो. दक्षिणेस आंब्लेस खोऱ्याच्या बाजूला तीव्र उतार आहे, उत्तरेस मध्यम उतार आहे, तर पश्चिमेस नदी आहे. पूर्वेची बाजू मात्र जवळजवळ सपाट असून तेथे निसर्गाचे कोणतेही संरक्षण नाही.

या भूरचनेचे प्रतिबिंब तटाच्या रचनेत स्पष्ट पडलेले दिसते. आराखडा पूर्व-पश्चिम लांबट अशा अनियमित चौकोनाचा आहे. शत्रूचा हल्ला पूर्वेकडूनच संभवत असल्याने तेथील भिंत अधिक भक्कम, बुरूज अधिक उंच व वेशी अधिक बळकट आहेत. नगराच्या आग्नेय कोपऱ्यातील राजदुर्ग (आल्काथार) आणि कॅथीड्रल ही दोन्ही बलस्थाने याच बाजूस होती. दक्षिणेस खडकाचा कडाच तटाचे काम करीत असल्याने तेथील बांधकाम त्या मानाने साधे आहे.

पूर्वेतिहास : हा प्रदेश प्राचीन काळी वेत्तोन या लोकांचा होता. पशुपालन हा त्यांचा मुख्य व्यवसाय असून बैल व डुक्कर यांच्या त्यांनी घडविलेल्या ओबडधोबड ग्रॅनाइटी प्रतिमा (व्हेर्राको) या प्रांतात अनेक ठिकाणी आढळतात. रोमन काळात येथे एक लहान नगर होते. जुन्या नगरातील रस्त्यांची काटकोनी मांडणी आणि मध्यवर्ती बाजारचौक (मेर्कादो चिको) यांवरून रोमन आराखड्याचा माग लागतो. सान व्हिसेंते वेशीजवळील उत्खननात मूळ खडकातच कोरलेली एक व्हेर्राको-प्रतिमा व रोमन बांधकामाचे अवशेष उघडकीस आले. त्यामुळे मध्ययुगीन वेशीच्या जागी पूर्वीही नगराचे प्रवेशद्वार असावे, असे अनुमान करण्यात येते.

आठव्या शतकात इबेरियन द्वीपकल्पाचा बहुतेक भाग मुस्लिम सत्तेखाली गेला. त्यानंतर सु. तीन शतके द्वेरो नदी व मध्य पर्वतरांग यांमधील हा प्रदेश उत्तरेकडील ख्रिस्ती राज्ये व दक्षिणेकडील मुस्लिम सत्ता यांच्या सीमेवर राहिला. त्याची वस्ती विरळ झाली. सहाव्या आल्फॉन्सोने (कार. १०६५–११०९) १०८५ मध्ये टोलेडो जिंकल्यावर सीमा ताहो नदीपर्यंत सरकली आणि मागे राहिलेल्या या मुलखाचे पुनर्वसन करणे आवश्यक झाले. आव्हिला, सेगोव्हिया व सालामांका या नगरांच्या पुनर्वसाहतीचे काम राजाने आपला जावई बर्गंडीचा रेमंड (मृ. ११०७) याच्यावर सोपविले. उत्तरेकडील निरनिराळ्या प्रदेशांतून शेतकरी, कारागीर व घोडेस्वार येथे येऊन स्थायिक झाले. सीमेवरील छाप्यांतून लूट मिळविणाऱ्या घोडेस्वारांचा वर्ग पुढे नगराचा सत्ताधारी वर्ग बनला. ‘सरदारांचे आव्हिला’ हे नगराचे बिरुद याच वर्गावरून पडले.

बांधणीचा काळ : तटबंदी केव्हा बांधली गेली, याविषयी परंपरा व आधुनिक संशोधन यांत मतभेद आहे. परंपरेनुसार १०९० मध्ये काम सुरू होऊन ते अवघ्या नऊ वर्षांत, १०९९ मध्ये, पूर्ण झाले. कासांद्रो हा रोमन व फ्लोरीन दे पितुएंगा हा फ्रेंच असे दोन स्थपती त्यावर होते व शेकडो कारागीर आणि युद्धकैदी राबत होते, असेही सांगितले जाते. मार्गदर्शक पुस्तकांतून ही हकीकत अद्यापही आढळते.

तथापि या हकीकतीचा आधार समकालीन नाही. स्थपतींची नावे व कामाचा तपशील सतराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात, विशेषतः लुईस आरीथ या धर्मोपदेशकाच्या १६०७ मधील नगरवर्णनपर ग्रंथात, आढळतात. त्या काळी स्पेनमधील अनेक नगरे आपल्या प्राचीनत्वाची व कुलीनतेची वर्णने रचवून घेत होती. अशा लेखनात लोककथा, वंशावळी व इतिहास यांची सरमिसळ होत असे. दुसरे असे, की अडीच किमी. लांबीचा असा तट विरळ वस्तीच्या नव्या नगराने नऊ वर्षांत उभारावा, हे तत्कालीन मनुष्यबळ व साधने पाहता संभवनीय वाटत नाही. बाराव्या शतकाच्या मध्यास अल्-इद्रीसी या अरब भूगोलज्ञाने आव्हिलाचे वर्णन शूर घोडेस्वारांच्या वस्त्यांचा समूह असे केले आहे. त्याच्या वर्णनात बलाढ्य तटाने वेढलेले नगर दिसत नाही.

या सर्व कारणांमुळे आजच्या तटबंदीचा बहुतेक भाग बाराव्या शतकातील असावा व तिचे काम टप्प्याटप्प्याने दीर्घकाळ चालले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रेमंडच्या काळी काही संरक्षक बांधकाम झाले असणे शक्य आहे व रोमन काळातील भिंतीचे अवशेषही त्या वेळी उपयोगात आणले गेले असावेत. परंतु एकाच आराखड्याचा व अल्पावधीत पुरा झालेला तट ही कल्पना मागे पडली आहे. पूर्वेकडील भिंत व पश्चिमेकडील भिंत यांच्या दगडकामातील स्पष्ट फरकही याच निष्कर्षास पुष्टी देतो.

आराखडा व बांधकाम : तटाच्या भिंतीला आतून व बाहेरून दगडाचे दोन थर असून मधली पोकळी दगडगोटे व चुना यांच्या भरावाने भरली आहे. मुख्य दगड म्हणजे स्थानिक राखी ग्रॅनाइट होय. पूर्वेच्या बाजूस नीट घडविलेले चिरे मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यांतील पुष्कळसे नवे घडविलेले नसून जुन्या रोमन बांधकामांतून व विशेषतः दफनभूमीतून काढून आणलेले आहेत. थडग्यांवरील शिला, रक्षापात्रे ठेवण्याचे कोरीव दगड, कोरीव लेखांचे तुकडे, इतकेच नव्हे तर व्हेर्राको-प्रतिमाही तटात बसविलेल्या आढळतात. पूर्वेकडील भिंत ही त्यामुळे या प्रदेशातील रोमन लेखांच्या अभ्यासाचे एक साधनच बनली आहे. उत्तर व पश्चिम बाजूंना घडीव चिऱ्यांचे प्रमाण कमी होऊन ओबडधोबड दगड व भरपूर चुना यांचा वापर वाढत जातो. अनेक ठिकाणी विटांचे पट्टे व विटांचे काठ दिसतात. विटांचे हे काम मुदेहार म्हणजे ख्रिस्ती अमलाखाली राहिलेल्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतील आहे.

बुरूज बहुतांशी अर्धवर्तुळाकार असून भिंतीच्या बरेच पुढे आलेले आहेत. त्यांच्यातील अंतर साधारणपणे सारखे असून ते सु. २० मी. आहे. या अंतरामागे लष्करी हिशोब होता : तटाच्या पायथ्याशी पोहोचलेला शत्रू दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून बाण व दगड यांच्या माऱ्यात यावा आणि भिंतीचा कोणताही भाग माऱ्याबाहेर राहू नये. बुरूज आतून पोकळ नसून बहुतेक भरीव आहेत, त्यामुळे धक्का देणाऱ्या यंत्रांना ते अधिक समर्थपणे तोंड देऊ शकत. तटाच्या माथ्यावर फांजी म्हणजे पहारेकऱ्यांची फिरती वाट असून तिला बाहेरच्या अंगास चर्यांचा आडोसा आहे. मुख्य तटाबाहेर, विशेषतः पूर्वेस, एक ठेंगणा पडकोट व खंदक होता. पुढे वस्ती व रस्ते वाढल्यावर तो नाहीसा झाला.

बुरुजांची संख्या काही ग्रंथांत ८८ तर काहींत ८७ अशी दिली जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॅथीड्रलला लागून संत सेगुंदो याचे उपासनागृह बांधण्यात आले. त्यासाठी तटाचा एक बुरूज पाडावा लागला. संख्येतील फरक त्यामुळे पडला आहे.

नगरद्वारे : तटाला एकूण नऊ वेशी आहेत. त्यांपैकी पूर्वेस तीन, उत्तरेस दोन, पश्चिमेस एक व दक्षिणेस तीन आहेत. याशिवाय काही लहान दिंड्या होत्या. त्यांतील बहुतेक बंद करण्यात आल्या. वेशींचे बांधकाम, नावे व त्यांत झालेले फेरफार यांवरून नगरजीवनाच्या विविध अंगांची माहिती मिळते.

सान व्हिसेंते व आल्काथार या पूर्वेकडील दोन वेशी सर्वांत भव्य व लष्करी दृष्ट्या सर्वांत समर्थ आहेत. त्यांची रचना जवळजवळ सारखी आहे. प्रत्येक वेशीच्या दोन्ही अंगांना सु. २० मी. उंचीचे बुरूज असून ते वरच्या बाजूस कमानीवर पेललेल्या पुलाने जोडले आहेत. पुलाला चर्या असून त्यावर उभे राहून खाली वेशीशी आलेल्या शत्रूवर थेट वरून मारा करता येई. दोन बुरुजांमधील अरुंद जागेत सापडलेल्या हल्लेखोरास समोरून, दोन्ही बाजूंनी व डोक्यावरून असा चौफेर मारा सोसावा लागे. सान व्हिसेंते वेशीसमोर तटाबाहेर त्याच नावाचे रोमनेस्क शैलीतील प्रसिद्ध चर्च आहे. आल्काथार वेशीबाहेर मोठा बाजारचौक (मेर्कादो ग्रांदे) असून त्याच्या पलीकडच्या टोकास सान पेद्रो चर्च आहे. ज्या राजदुर्गावरून वेशीस नाव मिळाले, तो आज अस्तित्वात नाही.

या दोन वेशींच्या मधे, कॅथीड्रलजवळ, पेसो दे ला आरीना म्हणजे ‘पिठाच्या काट्याची’ वेस आहे. ती सर्वांत अलीकडची असून सोळाव्या शतकात उघडण्यात आली. नावावरूनच तिचा संबंध युद्धाशी नसून धान्य, पीठ व त्यांवरील कर यांच्याशी असल्याचे स्पष्ट होते. तिच्या शेजारी तटाला चिकटून बाहेरच्या अंगास सोळाव्या शतकाच्या अखेरची मांसविक्रीची इमारत आहे. तटमाथ्यावर जाण्याचा एक मार्ग आज याच इमारतीतून आहे.

उत्तरेकडील मारिस्काल वेशीस पंधराव्या शतकातील मार्शल आल्व्हारो दे आव्हिला याच्यावरून नाव मिळाले. त्याच बाजूच्या कार्मेन वेशीचे बुरूज इतरांप्रमाणे अर्धवर्तुळाकार नसून चौकोनी आहेत. या वेशीलगत कार्मेलाइट पंथाचा मठ होता. मठाची घंटा टांगण्याची सपाट भिंत तटाच्या माथ्यावरच उभारली असून ती उत्तरेकडून येणाऱ्यास दुरूनच दिसते. मठाच्या वास्तूत पुढे तुरुंग होता व आता तेथे प्रांताचे ऐतिहासिक दप्तरखाना आहे.

पश्चिमेकडील एकमेव वेस आदाहा नदीवरील जुन्या पुलाकडे उघडते. म्हणून तिला पुएंते म्हणजे पुलाची वेस किंवा जवळच्या चर्चवरून सान सेगुंदो वेस असे म्हणतात. नदीकाठी कातडी कमावण्याचे व रंगारी यांचे व्यवसाय चालत. दुर्गंधी व पाण्याची गरज या दोन्ही कारणांनी ते तटाबाहेर नदीजवळ ठेवले गेले होते.

दक्षिणेकडील तीन वेशी आकाराने लहान आहेत. त्यांतील नैर्ऋत्येची मालाव्हेंतूरा म्हणजे ‘दुर्दैवाची’ वेस यहुदी वस्तीजवळ आहे. १४९२ मध्ये यहुद्यांना स्पेनमधून हद्दपार करण्यात येईपर्यंत ही वस्ती नांदती होती. मधली सांता म्हणजे ‘संत स्त्रीची’ वेस, तिचे जुने नाव मोन्तेनेग्रो. आव्हिलाची संत तेरेसा (१५१५–८२) हिचे जन्मघर या वेशीच्या आत होते. सतराव्या शतकात त्या जागी मठ व चर्च बांधण्यात आले व वेशीचे नाव बदलले. तिसरी रास्त्रो वेस दाव्हिला घराण्याच्या वाड्यास लागून आहे. तिची कमान रुंद व बसकी असून तिच्यावर सज्जा आहे. उत्तरकालीन फेरफारांमुळे तिला किल्ल्याच्या द्वाराऐवजी वाड्याच्या देवडीचे रूप आले आहे.

दाव्हिला घराण्याच्या वाड्याशी तटाच्या इतिहासातील एक उद्‌बोधक प्रसंग निगडित आहे. या घराण्याने आपल्या सोयीसाठी तटात एक दिंडी ठेवली होती. नगरशासनाने ती बंद करावयास लावली. तेव्हा घराण्याच्या प्रमुखाने वाड्याला एक मोठी खिडकी पाडून तिच्यावर १५४१ हे वर्ष आणि एक दार बंद झाले की दुसरे उघडते, या आशयाची म्हण कोरविली. हा लेख आजही वाचता येतो. तट ही सार्वजनिक मालमत्ता असून बलाढ्य सरदारासही तीत मनमानी करता येत नाही, ही नगरशासनाची भूमिका आणि सरदारवर्गाचा ताठा, या दोहोंची साक्ष त्यातून मिळते.

कॅथीड्रल व तट : आव्हिलाचे कॅथीड्रल हे तटबंदीचाच भाग आहे. त्याच्या गर्भागाराची अर्धवर्तुळाकार मागील बाजू पूर्वेच्या तटातून बाहेर आली असून ती तटाचा सर्वांत मोठा बुरूज बनली आहे. तिला थिमोर्रो असे म्हणतात. बाहेरून पाहता खिडक्यांचा जवळजवळ अभाव, ग्रॅनाइटचे जाड आवरण व एकावर एक अशा चर्यांच्या रांगा यांमुळे ती उपासनागृहाचा भाग वाटत नाही. आत मात्र लाल व पांढऱ्या रंगांच्या दगडांचे नाजूक खांब व छत असून स्पेनमधील गॉथिक शैलीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. हे काम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रुचेल या स्थपतीच्या देखरेखीखाली सुरू झाले.

थिमोर्रोसंबंधी एक आख्यायिका नगराच्या बोधचिन्हातही स्थान मिळवून बसली आहे. ॲरागॉनचा राजा पहिला आल्फॉन्सो याने, आव्हिलाच्या आश्रयास असलेला बालराजा सातवा आल्फॉन्सो जिवंत असल्याचा पुरावा मागितला. नगरवासीयांनी ओलीस दिले व बालराजास कॅथीड्रलच्या बुरुजावरून त्यास दाखविले. तरीही ॲरागॉनच्या राजाने ओलिसांना उकळत्या कढईत टाकून मारविले, अशी ही कथा आहे. हे ओलीस ज्या वेशीतून बाहेर पडले तीच ‘दुर्दैवाची वेस’, असे सांगतात. घटनेचा काळ बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानला जातो. त्या वेळी आजचा थिमोर्रो बांधलेलाच नव्हता. त्यामुळे ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र राजनिष्ठा व तट यांची सांगड घालून नगराने आपली प्रतिमा कशी घडविली, हे समजण्यास ती उपयोगी आहे.

तटाची नागरी कार्ये : १२१२ मधील नाव्हास दे तोलोसाच्या लढाईनंतर मुस्लिम सत्तेची सीमा दूर दक्षिणेकडे सरकली व आव्हिलाला बाहेरच्या शत्रूचे भय उरले नाही. तरीही तटाची डागडुजी व पहारा चालूच राहिले. त्याचे एक कारण म्हणजे कॅस्टीलमधील यादवी युद्धे होत. १४६५ मध्ये बंडखोर सरदारांनी चौथ्या एन्रिकेचा (कार. १४५४–७४) पुतळा तटाबाहेरील मैदानात मंचावर बसवून, त्याची राजचिन्हे एकेक काढून घेऊन त्यास पदच्युत केले व त्याचा सावत्र भाऊ आल्फॉन्सो यास राजा म्हणून घोषित केले. १५२० मध्ये पहिल्या कार्लोसविरुद्ध उठलेल्या नगरांच्या प्रतिनिधींची सभा आव्हिलाच्या कॅथीड्रलमध्ये भरली.

दुसरे व अधिक टिकाऊ कारण आर्थिक होते. नगरात येणारा माल ठराविक वेशींतूनच आणावा लागे व तेथे त्यावर कर घेतला जाई. वेशी रात्री बंद होत. रोगराईच्या काळात बाहेरून येणाऱ्यांना वेशीवरच अडविता येई. तटाच्या देखभालीचा खर्च मात्र सर्वांवर सारखा नव्हता. सरदारवर्ग व धर्मोपदेशक बहुतांशी करमुक्त असल्याने त्याचा भार मुख्यतः सामान्य करदात्यांवर पडे. याउलट मोठ्या सरदार घराण्यांचे वाडे वेशींच्या लगत, तटाला पाठ लावून उभे होते. दाव्हिला, आगिला व नून्येथ व्हेला या घराण्यांचे वाडे आजही त्या त्या वेशींजवळ दिसतात. आपापल्या बाजूचा तट राखण्याची जबाबदारी व त्याबरोबर येणारी सत्ता या घराण्यांच्या हाती होती.

सर्व नगर तटाच्या आत मावत होते, असे मात्र नव्हे. प्रारंभापासूनच कारागीर, शेतकरी व मुस्लिम रहिवासी यांच्या वस्त्या तटाबाहेर होत्या. सान व्हिसेंते, सान पेद्रो, सान आंद्रेस व सान सेगुंदो ही रोमनेस्क चर्च बाहेरील वस्त्यांचीच होत. पुढे एन्कार्नासिओन, सांतो तोमास व सान होसे हे मठही तटाबाहेरच स्थापन झाले. संत तेरेसाने सुधारित कार्मेलाइट पंथाचा आपला पहिला मठ सान होसे हा १५६२ मध्ये स्थापिला, तेव्हा नगरशासनाने त्यास विरोध केला होता. तिने १५७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याला अनेक दालने असलेल्या दुर्गाची उपमा दिली आहे. या उपमेचा संबंध अनेकजण आव्हिलाच्या तटाशी जोडतात, परंतु तो अनुमानाचा भाग आहे.

ऱ्हास व तटाचे अवशेषत्व : सोळाव्या शतकात लोकरीच्या कापडाचा व्यवसाय व सरदारवर्गाचे वैभव यांमुळे नगराची भरभराट झाली. पुढे सरदार घराणी राजदरबाराजवळ राहावयास गेली व कापडधंदा मंदावला. १६०९–१४ या काळात मोरिस्को म्हणजे धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांना स्पेनमधून घालविण्यात आले. त्यामुळे आव्हिलाने आपल्या कारागीर व श्रमिक वर्गाचा एक मोठा हिस्सा गमावला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ नगर लहान व निर्धन राहिले. तोफांच्या युगास अनुरूप अशा नव्या पद्धतीच्या बुरूजबंदीची तेथे कोणास गरज वाटली नाही. त्यामुळे तटाचे मध्ययुगीन रूप बव्हंशी कायम राहिले. १८०९ मध्ये फ्रेंच सैन्याच्या ताब्यात असताना येथील अंमलदार जनरल ह्यूगो हा होता. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो याचा तो पिता होय.

एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील वाढत्या नगरांनी आपले तट पाडून टाकले. बार्सेलोनाचा तट १८५४ पासून, सान सेबास्त्यानचा १८६३ मध्ये, व्हालेन्सियाचा १८६५ मध्ये व माद्रिदचा १८६८ मध्ये पाडण्यास प्रारंभ झाला. दाट वस्ती, रोगराई, जमिनीची टंचाई व वेशींवरील करांविषयीचा लोकांचा रोष ही त्यामागील कारणे होती. आव्हिलामध्ये यांपैकी पहिल्या तीन कारणांचा जोर नव्हता. तटाच्या आतही मोकळ्या जागा होत्या. १८६४ मध्ये पूर्ण झालेल्या माद्रिद–ईरून लोहमार्गाचे स्थानक नगराच्या पूर्वेस तटापासून दूर असल्याने नवी वस्तीही त्याच दिशेस बाहेरच्या सपाट भूमीवर वाढली. तट पाडण्याचा खर्च त्यापासून होणाऱ्या लाभापेक्षा अधिक ठरला असता. नगराचे दारिद्र्य हेच अशा प्रकारे तटाच्या रक्षणाचे एक प्रमुख कारण ठरले.

जतन : १८८४ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाल्यावर तटाला कायद्याचे संरक्षण लाभले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एन्रिके मारिया रेपुयेस इ व्हार्गास या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली दुरुस्तीची कामे झाली. विसाव्या शतकात तटाला बाहेरून चिकटलेली अनेक घरे काढून तट मोकळा करण्यात आला व उत्तरेच्या बाजूस हिरवळ राखण्यात आली. तटाचे आजचे स्वच्छ व एकसंध दर्शन ही त्यामुळे काही अंशी आधुनिक काळाची निर्मिती आहे. मध्ययुगात पडकोट, खंदक, टेकू दिलेल्या झोपड्या, गुरांचे बाजार व पाण्याच्या मोऱ्या यांनी तटाचा पायथा व्यापलेला असे. जुन्या घरांचा काही भाग पूर्वेकडे अद्यापही तटाला लागून आहे.

जतनाचे प्रश्न आजही संपलेले नाहीत. आव्हिलाचा हिवाळा दीर्घ व कडक असतो. भिंतीत मुरलेले पाणी गोठून प्रसरण पावते व त्यामुळे चुना सुटतो, दगडांचे पापुद्रे निघतात. सांध्यांत वाढणारी झुडपे व पक्ष्यांची विष्ठा यांनीही हानी होते. पूर्वीच्या दुरुस्त्यांत वापरलेले सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कठीण व अपार्य असल्याने ओलावा आतच कोंडला जातो. त्यामुळे अलीकडे मूळ प्रकारच्या चुन्याचा वापर करण्यावर भर दिला जातो. तट शासनाच्या मालकीचा असून त्याची व्यवस्था नगरपालिका पाहते. तटमाथ्यावरील निम्म्याहून अधिक वाट पर्यटकांना खुली आहे. २००७ मध्ये जागतिक वारशाच्या क्षेत्रात तटाबाहेरील आणखी काही वास्तूंची भर घालण्यात आली. त्यामुळे तट व तटाबाहेरील नगर ही एकाच वसाहतीची दोन अंगे होत, हा दृष्टिकोन जतनाच्या कार्यातही मान्य झाला.

स्पेनमधील इतर तटबंद नगरांत लूगो येथील रोमन तट आव्हिलाहून सु. नऊ शतकांनी जुना आहे. टोलेडोच्या वेशी कलादृष्ट्या अधिक विविध असून त्यांत मुस्लिम, मुदेहार व प्रबोधनकालीन अशा शैलींचे थर दिसतात. फ्रान्समधील कार्कासॉनचा तट अधिक गुंतागुंतीचा आहे, परंतु एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठ्या प्रमाणावर जीर्णोद्धार झालेला आहे. आव्हिलाचे वेगळेपण संपूर्ण परिघाच्या सलगतेत आहे. सीमेवरील नव्या वसाहतीने पूर्वजांच्या थडग्यांचे दगडही वापरून उभारलेला, नंतर करवसुलीसाठी राखलेला आणि अखेर नगर गरीब झाल्यामुळे वाचलेला असा हा तट आहे. त्याच्या नऊ वेशींपैकी एकही वेस आज रात्री बंद होत नाही. आतील व बाहेरील नगराची रोजची ये-जा त्यांतूनच चालते.